तर्रीची वसुली

सगळ्यात आधी एक सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाच्या मनात शंका नको: तर्री चावत नाही. आजपर्यंत कुण्णालाही चावलेली नाही. किरीटकाकांच्या लेंघ्याला चावली हे खरं, पण लेंघा म्हणजे किरीटकाका नव्हेत, आणि हे मी त्यांना भर मीटिंगमध्ये, सगळ्या सोसायटीसमोर, गुजरातीतून सांगितलंय. मी! दाराची बेल वाजली की आईला हाक मारून स्वतः आतल्या खोलीत पळणारी यशश्री, ती मीच.

तर तर्री ही आमची कुत्री. अस्सल गावठी, कान एक उभा, एक पडलेला, आणि रंग सेव-उसळीवर तरंगते ना, त्या तर्रीचा. तांबडालाल, उन्हात चकाकणारा. बाबांना ती गोरव्याला त्यांच्या कारखान्याच्या पत्र्याआड सापडली होती, एवढीशी. डब्याच्या पिशवीत बसवून त्यांनी तिला स्कूटरवरून घरी आणलं आणि आईला म्हणाले, "पद्मा, डबा संपवलाय, पण पिशवी उघडताना जरा हळू." बाबांचा आयुष्यातला हा एकमेव धाडसी प्रकार. बाकी सगळीकडे बाबांचं एकच धोरण, "जाऊ दे, वाद नको."

आम्ही गुजरातेत, तरसालीत राहतो. एका ओळीत टेनामेंट, म्हणजे भिंतीला भिंत लावून बांधलेली बैठी घरं. प्रत्येक घरापुढे ओटला, ओटल्यावर हिंचका म्हणजे झोपाळा, आणि पुढे लोखंडी झांपा, म्हणजे फाटक. आमच्या गल्लीत मराठी घर आमचं एकटंच, पण आम्हाला कधी परकं वाटलेलं नाही, कारण संध्याकाळी जेवण झालं की अख्खी गल्ली फेऱ्या मारायला बाहेर पडते आणि प्रत्येकजण आमच्या झांप्याशी थांबतो. आमच्यासाठी नाही, तर्रीसाठी. गुजराती घरांत शेवटची रोटली कुत्र्याची असते. आमच्याकडेही आई शेवटची पोळी बाजूला ठेवतेच. तेव्हा शेजारच्या शारदाबा, समोरच्या दीनाबेन, कोपऱ्यावरचे नवीन लग्न झालेले दोघं, सगळे हातात रोटली घेऊन येणार, झांप्याच्या गजांतून तर्रीला देणार, चार शब्द बोलणार, "जय श्रीकृष्ण" म्हणून पुढे जाणार. मला तर वाटायचं, तर्री म्हणजे सोसायटीची लाडकी लेक आहे.

आणि तरीसुद्धा तिच्याविरुद्ध तक्रार झाली.

तर्री भुंकायची, हे मी नाकारत नाही. झांप्याशी कुणी आलं की दोन पायांवर उभी राहून, गजांना पंजे लावून अशी काही भुंकायची की कुरियरवाला पार्सल भिंतीवरून आत टाकून पळायचा. आम्ही सगळं करून पाहिलं. कुणीतरी सांगितलं पाण्याचा फवारा मारा, तर ती फवारा प्यायला लागली. कुणी म्हणालं बांधून ठेवा, तर साखळी ताणून ताणून आवाज दुप्पट झाला. मोबाइलवर बघून मी तिला ठणकावून "नो" म्हणायला लागले, तर तिला वाटलं मीही तिच्याबरोबर भुंकतेय. खूश झाली बिचारी.

आणि मग लेंघा झाला.

किरीटकाका आमच्या सोसायटीचे चेअरमन. बँकेतून निवृत्त, पांढराशुभ्र लेंघा-झब्बा, इस्त्रीची घडी अशी की बोट कापेल. डिसेंबरातल्या एका सकाळी ते पाण्याच्या टाकीचं काहीतरी सांगायला आमच्याकडे आले. हातात दुधाची पिशवी. झांपा उघडून आत पाऊल टाकलं आणि तर्री सुटली ती थेट त्यांच्या पायाशी. भुंकली, घुटमळली, पिशवीकडे उडी मारली, आणि काका वळून पळायला लागल्यावर तिने लेंघ्याचं टोक तोंडात धरलं. काका पुढे, लेंघ्याची चिंधी मागे.

संध्याकाळी ते पुन्हा आले, झांप्याबाहेर उभे राहून बोलले. "भाई, माणसाला चावायच्या आधी काहीतरी करा. उत्तरायणला, तुमच्या संक्रांतीला, माझा मुलगा येतोय नातवंडांना घेऊन. लहान पोरं गल्लीत फिरणार. त्याच्या आधीच्या रविवारी मीटिंग ठेवतो. तोवर ही सुधारली नाही तर हिची दुसरी सोय करा."

बाबा म्हणाले, "हो हो, करतो ना."

आणि बाबांनी खरंच सोय केली! करजणला त्यांच्या कारखान्यातल्या लक्ष्मणकाकांचं शेत आहे. विहीर, म्हशी, मोकळी जागा. "तिथे ती मजेत राहील, यशू," बाबा जेवताना ताटाकडे बघत म्हणाले. "मीटिंगच्या रविवारी लक्ष्मण टेम्पो घेऊन इकडे येतोयच, तेव्हाच..."

"ती तिथे मजेत राहील आणि मी?"

"यशू, वाद नको."

"मला हवाय वाद!" मी म्हटलं, आणि घास तसाच टाकून उठले. दुसऱ्या दिवशी आई शाळेतून येताना (ती शिक्षिका आहे) तर्रीला इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांकडे जाऊन आली आणि एक फोन नंबर माझ्यापुढे ठेवला. "ह्या दीप्तीताई फक्त कुत्र्यांच्या वागण्याचं बघतात. पण फोन तू करायचास. कुत्री तुझी."

मला अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचं म्हणजे नंबर तीनदा लावणार आणि तीनदा कापणार. मी तर्रीला मांडीवर घेऊन, तिचा पडलेला कान धरून फोन केला. पलीकडून एकदम घरगुती मराठी आवाज, "हं, बोल." मी धडाधडा सगळं सांगितलं, लेंघ्यासकट. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तिला आवरून ठेवू नका, नेहमी जे होतं ते होऊ दे. ती जास्तीत जास्त कधी भुंकते?"

"संध्याकाळी, जेवणानंतर."

"मग मी तेव्हाच येते."

दीप्तीताई आल्या त्या स्कूटरवरून, केस आखूड, पाठीवर पोत्याएवढी सॅक. मला वाटलं होतं शिट्टी असेल, काठी असेल, काहीतरी करारी असेल. त्यांनी झांपा उघडला, भुंकणाऱ्या तर्रीकडे एकदाही न बघता सरळ आत आल्या आणि तिच्याकडे पाठ करून हिंचक्यावर बसल्या. तर्री भुंकली, वास घेतला, पुन्हा भुंकली, मग बुचकळ्यात पडून खाली बसली. त्याबरोबर ताईंनी न वळताच मागे हात करून एक शेंगदाण्याएवढा तुकडा तिच्यापुढे टाकला.

आईने चहा आणला आणि शिक्षिकेच्या आवाजात सुरुवात केली, "काय आहे ना, तिच्या स्वभावात मुळातच एक आक्रमकपणा..."

"ताई, स्वभाव राहू दे. काय घडतं ते बघू." दीप्तीताईंनी बशीत चहा ओतला. "तुम्ही रोज करता तेच करा."

आम्ही तेच केलं, म्हणजे काहीच नाही. थोड्या वेळाने शारदाबा आल्या. शारदाबा म्हणजे आमच्या भिंतीपलीकडच्या आजी, कापसासारखे केस, हातात तूप लावलेली रोटली. तर्री धावली, दोन पायांवर उभी, भों भों भों! "ले मारी दीकरी, ले," म्हणत शारदाबांनी रोटली गजांतून आत दिली. तर्री गप्प. मग दीनाबेन. भों भों, रोटली, गप्प. मग ते नवीन लग्नवाले, ते तर भुंकण्याचा व्हिडिओ काढून मगच रोटली देतात. आणि मग, मी खोटं सांगत नाहीये, खुद्द किरीटकाका! नव्या लेंघ्यात. त्यांच्या घरची रोटली टाकायचं काम त्यांच्याकडे आहे. झांप्यापासून चांगलं लांब उभं राहून, तर्री जीव तोडून भुंकत असताना, त्यांनी तळ्यात खडा टाकावा तशी रोटली आत भिरकावली आणि भराभर निघून गेले.

दीप्तीताई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की हिंचका करकरला.

"काय झालं?" मी विचारलं. मला जरा रागच आला होता.

"तिची शेपटी बघितलीस का? सैल आहे, गोल फिरतेय. कान मागे नाहीत, अंग ताठ नाही. ही चिडलेली नाही गं, घाबरलेली पण नाही. ही वसुलीला बसलीय."

"वसुलीला?"

"माणूस आलं, आपण ओरडलो, रोटली मिळाली. इतकी शिस्तबद्ध शिकवणी मीसुद्धा देत नाही. एका घराने चुकवलं तर दुसरं घर हजर. मला सांग, त्या सकाळी काकांच्या हातात काय होतं?"

"दुधाची पिशवी."

"आणि लेंघा?"

"पांढरा. रोजचा."

"मग झालं तर. रोज हप्ता देणारा माणूस सकाळी सकाळी थेट घरात आला, पिशवी घेऊन आला, आणि काही न देता परत निघाला. हिने मागून धरला."

आई तोंडाला पदर लावून हसायला लागली. बाबा मात्र गंभीर झाले. "म्हणजे पूर्वी असं का नव्हतं? आमच्या लहानपणी पण लोक घालायचेच की कुत्र्यांना."

त्याचं उत्तर मलाच सुचलं! पूर्वी गल्लीत कुत्री खूप होती, रोटल्या वाटल्या जायच्या. आमच्या सोसायटीने मोठं गेट बसवलं, वॉचमन ठेवला, बाहेरची कुत्री आत यायची बंद झाली. रोटल्या मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. सगळ्या सोसायटीचं पुण्य एकट्या तर्रीच्या पोटात जात होतं. उगाच नाही तिची कंबर दिसेनाशी झाली.

हे मी बोलले तेव्हा दीप्तीताईंनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "छान. तुला दिसतंय."

बास. तेवढ्या तीन शब्दांवर मी पुढचे कितीतरी दिवस काढले.

नियम सोपा होता. ओटल्यावर हिंचक्याशेजारी एक गोणपाट अंथरायचं. तर्री त्यावर शांत बसली की लगेच छोटासा तुकडा. झांप्याशी उभी राहून भुंकली तर काहीही नाही, ओरडासुद्धा नाही, नजर पण नाही. "पण ऐक," जाताना ताई म्हणाल्या, "भुंकून मिळेनासं झालं की ती आधी आणखी जोरात भुंकेल. रोजचं बटण दाबून दिवा लागला नाही तर आपण काय करतो? पुन्हा पुन्हा दाबतो, जोरात दाबतो. त्या वेळी कुणी रोटली दिली, तर तिला कळेल की एवढं ओरडावं लागतं. मग सगळं गेलं."

"आणि समजा नाहीच जमलं तर?" बाबांनी विचारलं. "कायद्याने ते तिला काढा म्हणू शकतात का?"

"कायदा तुमच्याच बाजूने आहे."

"कायदा दाखवून शेजार टिकत नाही," आई म्हणाली. ते पण खरंच होतं.

घरातल्या घरात सराव मस्त चालला. बाबांना मी पाहुणा केलं. ते बाहेर जायचे, झांपा वाजवायचे, "कुरियर!" म्हणायचे. तर्री गोणपाटावर बसली की आत यायचे. बाबा हळूहळू रंगात आले. कधी गॅसवाला, कधी लाइट बिलवाला, एकदा तर डोक्यावर आईची ओढणी घेऊन "केम छो बेन" करत आले, तेव्हा तर्रीपेक्षा आईच जास्त ओरडली.

पण संध्याकाळ झाली की सगळ्यावर पाणी. गल्ली रोटल्या घेऊन हजर.

आईने शिक्षिकेचा उपाय केला. झांप्यावर सुंदर अक्षरात गुजराती पाटी लावली, "कृपया कुत्रीला काही घालू नये." आणि पाटी लागली त्याच संध्याकाळी शारदाबा झांप्याशी आल्या, चष्मा वर करून पाटी वाचली, हातातल्या रोटलीकडे बघितलं, आणि तशाच परत गेल्या. पाठमोऱ्या शारदाबा इतक्या लहान दिसत होत्या! दुसऱ्या दिवशी आमच्या मधल्या भिंतीवरून एक रोटली अलगद आत पडली. मग दुसरी. आता तर्री भिंतीकडे बघूनही भुंकायला लागली.

मी दीप्तीताईंना फोन केला. या वेळी नंबर एकदाच लावला, हे मला फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

"रोटली बंद करा असं मी कधी म्हटलं?" त्या म्हणाल्या. "वेळ चुकतेय फक्त. भुंकल्यावर देतायत, गप्प बसल्यावर द्यायची."

"मग तुम्ही या ना, त्यांना सांगायला."

"मी कुत्र्यांना शिकवते बाई. माणसं तुझी."

मग मी आधी ती पाटी काढली. आणि मग गेले शारदाबांकडे. एकटी. (पुढचं सगळं गुजरातीत झालं, इथे मराठीत लिहितेय. माझं गुजराती शाळेत, रिक्षात झकास चालतं, पण मोठ्या माणसांसमोर जीभ चिकटायची.)

शारदाबा ओटल्यावर मेथी निवडत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पाटीवाले आले."

"पाटी काढली, बा. चूक झाली. रोटली तुम्ही द्याच, पण मला तुमची मदत पाहिजे."

"मी काय मदत करणार? मी तर तुझ्या कुत्रीला बिघडवते."

"बा, तुमचे मुलगे लहान असताना लाडूसाठी भोकाड पसरायचे, तेव्हा लाडू द्यायचात?"

"लाडू?" त्यांनी मेथीची जुडी आपटली. "धपाटा द्यायचे! रडून मागितलं की मिळणार नाही म्हणजे नाही. गप्प बसा, हात धुवा, मग या."

"मग तर्रीला का देता?"

शारदाबांचा हात मेथीत तसाच थांबला. मग म्हणाल्या, "ती तर मुकं जनावर आहे गं."

"मुकं? बा, सगळी सोसायटी मुकं नाही म्हणून तक्रार करतेय!"

आधी त्यांचे खांदे हलले, मग त्या दात नसलेलं हसू हसल्या. "सांग, काय करायचं."

त्या संध्याकाळी शारदाबा आमच्या झांप्यासमोर रोटली घेऊन उभ्या राहिल्या, आणि मी त्यांच्या शेजारी. तर्री आली, उभी राहिली, भुंकली. शारदाबा हलल्या नाहीत. ती आणखी भुंकली. मग दीप्तीताई म्हणाल्या होत्या तेच सुरू झालं. बापरे! तिने असा गळा काढला की पलीकडच्या गल्लीतली माणसं ओटल्यावर आली. पंजांनी झांपा खडखडवला, मध्येच रडली, मध्येच किंचाळली. दीनाबेन रोटली घेऊन आल्या, मी हात जोडून म्हटलं, "काकी, थांबा, आत्ता नको." नवीन लग्नवाले आले, त्यांनाही थांबवलं. झांप्यासमोर रोटल्यांची रांग लागली. किरीटकाका त्यांच्या ओटल्यावरून ओरडले, "आ शुं मांड्युं छे? ही सुधारणा?"

त्यातच त्या दिवशी उशिरा सुटलेले बाबा कामावरून आले. एवढी माणसं, एवढा आवाज! त्यांचा चेहरा पडला. "यशू, पुरे आता. देऊन टाक काय ते. लोक बघतायत."

"बघू देत. आत्ता दिली तर ती एवढं ओरडायला शिकेल, बाबा."

"अगं, पण मीटिंग तोंडावर आलीय..." म्हणत त्यांनी शारदाबांच्या हातातल्या रोटलीकडे हात केला.

"भाई, आघा रहो!" शारदाबा कडाडल्या. बाबा खरंच दोन पावलं मागे झाले. माझ्या बाबांना मी एवढ्या चपळाईने हललेलं कधी पाहिलेलं नाही.

आणि तर्री दमली. एक क्षण गप्प झाली. पुढचे पंजे खाली आले. माझ्याकडे बघितलं, शारदाबांकडे बघितलं, वळली, आणि जाऊन गोणपाटावर बसली.

"आत्ता, बा!"

मी झांपा उघडला. शारदाबा आत गेल्या, वाकून एक तुकडा तिच्यापुढे ठेवला. मग दीनाबेनने एक. मग बाकीच्यांनी. प्रत्येकाने एकेक तुकडाच, उरलेल्या रोटल्या वॉचमनच्या डब्यात, गेटबाहेरच्या कुत्र्यांसाठी. त्यांनाही बरेच दिवसांनी त्यांचा वाटा मिळाला. शारदाबांचा चेहरा तर असा फुलला होता की जणू त्यांचा नातू पहिला आलाय. "जोयुं? माझं ऐकते ती," त्या सगळ्या गल्लीला सांगत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून शारदाबाच हेडमास्तर. कुणी भुंकत्या तर्रीला रोटली दाखवली की भिंतीवरून आवाज यायचा, "एय! आधी तिचं तोंड बंद, मग तुझा हात पुढे!" नवीन लग्नवाल्यांना तर त्यांनी एकदा रांगेच्या शेवटी पाठवलं. मी फक्त झांप्याशी उभी राहून प्रत्येकाला समजावायचे. रोज, न लाजता, गुजरातीत, हिंदीत, ज्याला जे कळेल त्यात. कुरियरवाल्यालाही शिकवलं. तर्रीचा आवाज हळूहळू उतरला. कधी कधी विसरायची, मोठ्याने सुरू करायची, मग गोणपाट आठवायचं आणि स्वतःवरच वैतागल्यासारखी जाऊन बसायची.

एकटे किरीटकाका तेवढे शिकले नव्हते. ते आता झांप्याकडे यायचेच नाहीत. त्यांची रोटली त्यांच्या घरचं दुसरं कुणी आणायचं.

मीटिंगचा रविवार उजाडला. कॉमन प्लॉटमध्ये खुर्च्या मांडलेल्या, वर आकाशात पोरांचे सरावाचे पतंग. लक्ष्मणकाकांचा टेम्पो दुपारी येणार होता, आणि बाबांनी त्यांना अजून नाही म्हटलेलं नव्हतं. "मीटिंगमध्ये काय ठरतं ते बघू," एवढंच ते म्हणत होते. मी तर्रीचा पट्टा त्यांच्या हाताला लागू नये म्हणून माझ्या दप्तरात टाकून ठेवला होता.

पाण्याची टाकी झाली, उत्तरायणच्या दिवशी गच्चीवर स्पीकर किती मोठा लावायचा ते झालं, आणि किरीटकाका म्हणाले, "आता कुत्री." सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबा उठले, घसा खाकरला. "आमच्यामुळे सगळ्यांना त्रास झाला, त्याबद्दल... म्हणजे आम्ही एक सोय..."

मी उभी राहिले. आवाज, देव जाणे कुठून, खणखणीत निघाला. "काका, मी बोलू? तर्री कुणाला चावलेली नाही. तिने लेंघा धरला. लेंघा म्हणजे तुम्ही नाही."

कुणीतरी खुसकन हसलं. किरीटकाका म्हणाले, "आज लेंघा, उद्या माझ्या नातवाचा पाय."

"तिला तुमचा पाय नको होता, रोटली हवी होती. रोज भुंकल्यावर तुम्हीच देत होता. आम्ही सगळ्यांनीच दिली. ते आता बंद झालंय. फक्त तुम्हीच ते अजून बघितलेलं नाही. आत्ता चला. त्या दिवशीसारखे, पिशवी घेऊन, आणि खिशात काही नको."

"मी?"

"हा, तमे!" शारदाबा मागून म्हणाल्या. "चेअरमन कोण आहे?"

आता एवढ्या लोकांसमोर चेअरमन काय नाही म्हणणार! अख्खी मीटिंग खुर्च्या सोडून आमच्या झांप्याकडे निघाली. कुणीतरी दुधाची पिशवी आणून काकांच्या हातात दिली. एवढी गर्दी तिने कधी पाहिली नव्हती. हे मी आधी विचारात घ्यायला हवं होतं, पण आता उशीर झाला होता.

काकांनी कडीला हात लावला. तर्री ओटल्यावरून उठली, धावत झांप्यापाशी आली. पांढरा लेंघा बघितला. पिशवी बघितली.

"भों!"

एकदाच. काकांचा हात कडीवरून मागे आला. बाबांनी डोळे मिटले. मी काही बोलले नाही, हाक मारली नाही, नजरसुद्धा दिली नाही. तर्री उभी होती, कान एक वर, एक खाली. मग ती वळली, टुकटुक टुकटुक चालत गोणपाटापर्यंत गेली, गोल फिरली, आणि बसली. शेपटीने जमीन झाडत.

काकांनी झांपा उघडला. आत आले. ती बसूनच राहिली. काका ओटल्याच्या पायरीपर्यंत आले. तरी बसूनच! मागे एवढी माणसं, पण चिडीचूप.

"हवे? आता?" काका कुजबुजले.

मी रोटलीचा तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी सवयीने तो भिरकावायला हात मागे घेतला. "फेकायचा नाही, काका. हात उघडा, खाली धरा, हलवू नका."

काकांनी मान दुसरीकडे वळवून हात खाली धरला. तेव्हा मला कळलं की ते इतके दिवस रागावलेले नव्हतेच, घाबरलेले होते. रोज लांबून रोटली फेकत होते ते त्यासाठीच, आणि तरी त्यांच्या घरची रोटली एक दिवस चुकली नव्हती. मी त्यांच्या हाताखाली माझा हात धरला. तर्रीने मान पुढे केली आणि नुसत्या ओठांनी, दात न लावता, तुकडा उचलला. मग त्यांचा तळवा चाटला.

किरीटकाकांनी ओला हात वर करून सगळ्यांना दाखवला, जसं काही बक्षीस मिळालंय. "कंई न कर्युं," ते म्हणाले. "काही केलं नाही हिने!" आणि लगेच माझ्याकडे वळून, चेअरमनच्या आवाजात, "माझ्या नातवंडांना पण असंच शिकवशील ना? शुक्रवारी येतायत."

"शिकवीन. पण आधी त्यांना गप्प बसावं लागेल."

अख्खी गल्ली हसली. काकाही.

दुपारी लक्ष्मणकाकांचा फोन आला, तेव्हा मी हिंचक्यावर तर्रीच्या पोटावर पाय ठेवून बसले होते. बाबा आत बोलत होते, मुद्दाम मोठ्याने, मला ऐकू यावं म्हणून.

"नाही रे, टेम्पो नको आणूस. नाही, तिला पाठवायचं नाही. कुणी सुधारलं म्हणजे? आमच्या यशूने. हो, एकटीने! कुत्रीचं सोड, तिने आमच्या चेअरमनला सरळ केलंय. तुझ्याकडे आहे का कुणी भुंकणारं? आण, आण. पण आधी तिला फोन कर. ती स्वतः उचलते आता."